कर्ता, करविता आणि गप्प बसलेला वरिष्ठ: आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांच्या जबाबदारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युद्धाच्या बातम्या सुरू झाल्या की ठरावीक प्रश्न येऊ लागतात. विचारणाऱ्यांत कायद्याचे विद्यार्थी असतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं असतात, निवृत्त फौजी असतात आणि एखादं छायाचित्र पाहून झोप उडालेले वाचकही असतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी समजेल. जिथे एक मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आंतरराष्ट्रीय गुन्हे म्हणजे नक्की कोणते? दोन देशांत चालणारी तस्करीही त्यात येते का?

नाही. तस्करी, हवाला, ऑनलाइन फसवणूक हे सीमा ओलांडणारे गुन्हे आहेत, पण त्यांचा निवाडा त्या त्या देशाच्या कायद्यानं होतो. इथे चर्चा आहे ती चार गुन्ह्यांची. एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट नष्ट करण्याच्या हेतूनं केलेली कृत्यं म्हणजे वंशसंहार. सामान्य नागरिकांवरच्या व्यापक किंवा पद्धतशीर हल्ल्याचा भाग म्हणून केलेल्या हत्या, बलात्कार, छळ वगैरे म्हणजे मानवतेविरुद्धचे गुन्हे. युद्धाचे नियम मोडून केलेली गंभीर कृत्यं म्हणजे युद्धगुन्हे. आणि चौथा आक्रमणाचा गुन्हा, म्हणजे दुसऱ्या देशावर बेकायदेशीर युद्ध लादणं. या चौघांसाठी स्थायी न्यायालय उभारणारा रोमचा करार १७ जुलै १९९८ रोजी संमत झाला आणि १ जुलै २००२ पासून लागू झाला. त्या न्यायालयाला यापुढे मी 'फौजदारी न्यायालय' म्हणेन.

एक गैरसमज इथेच दूर करतो. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याला युद्ध चालू असावं लागत नाही. शांततेच्या काळात सरकारनं स्वतःच्याच नागरिकांवर केलेला पद्धतशीर अत्याचारही त्यात येतो.

२. युद्ध देश करतात. मग शिक्षा माणसांना कशी होते?

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये चाललेल्या खटल्यात नाझी नेत्यांच्या वकिलांनी हाच मुद्दा मांडला होता. आंतरराष्ट्रीय कायदा देशांसाठी असतो, आमच्या अशिलांनी जे केलं ते देशाच्या वतीनं केलं, असं त्यांचं म्हणणं. न्यायाधीशांनी ते फेटाळलं. असे गुन्हे माणसं करतात, देश नावाची अमूर्त वस्तू करत नाही, आणि ती माणसं शिक्षेपासून सुटली तर कायद्याला अर्थच उरणार नाही, हे त्यांच्या उत्तराचं सार.

खटला २० नोव्हेंबर १९४५ रोजी सुरू झाला आणि १ ऑक्टोबर १९४६ रोजी २२ आरोपींचा निकाल लागला: १२ जणांना फाशी, ७ जणांना कैद, ३ निर्दोष. निर्दोष सुटलेले ते तिघं फारसे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. मला मात्र तो आकडा फाशीच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. राजवट कितीही भयंकर असली तरी पुरावा एकेका माणसाविरुद्ध लागतो, हे त्यातून ठरलं.

देशाची जबाबदारी यामुळे संपत नाही, ती वेगळ्या रस्त्यानं चालते. बॉस्नियातल्या स्रेब्रेनित्सात १९९५ मध्ये झालेला वंशसंहार रोखण्याचं कर्तव्य सर्बियानं पाळलं नाही, असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २६ फेब्रुवारी २००७ रोजी दिला. त्या निकालानं कुणीही तुरुंगात गेलं नाही, कारण ते न्यायालय देशांमधले वाद सोडवतं. माणसांवरचे खटले वेगळ्या न्यायाधिकरणात चालले.

३. ज्यानं स्वतः गोळी झाडली नाही तो खुनी कसा ठरतो?

आपल्या भाषेत 'कर्ता-करविता' हा शब्द आहे. कायदाही दोघांना ओळखतो. गुन्हा करण्याचा आदेश देणारा, त्याची योजना आखणारा, चिथावणारा, माहीत असून हत्यारं किंवा वाहनं पुरवणारा, हे सगळे स्वतःच्या कृतीसाठी जबाबदार असतात. 'कलम ३४' हे शब्द आपल्याकडे कोर्टाच्या बातम्यांतून सर्वांना ठाऊक आहेत, आता ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३ मध्ये आहे. समान इराद्यानं अनेकांनी मिळून केलेलं कृत्य प्रत्येकाचं, हे तिचं तत्त्व. नव्वदच्या दशकातल्या युगोस्लाव्हियाच्या युद्धांतल्या गुन्ह्यांसाठी उभारलेल्या न्यायाधिकरणानं तादिच खटल्याच्या १९९९ च्या अपिलात याच्या जवळ जाणारं सामायिक गुन्हेगारी योजनेचं सूत्र मांडलं.

रवांडाचे पंतप्रधान जाँ कांबांडा यांनी वंशसंहाराचा गुन्हा कबूल केला आणि सप्टेंबर १९९८ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांनी शेजारच्या सिएरा लिओनमधल्या बंडखोरांना शस्त्रं आणि इतर मदत पुरवली, आणि २०१२ मध्ये त्यांना ५० वर्षांची शिक्षा झाली. टेलर या बंडखोरांचे वरिष्ठ होते, असं मात्र न्यायाधीशांनी मानलं नाही. वजन होतं, ताबा नव्हता. हा फरक प्रश्न ६ मध्ये उलगडला आहे.

४. मग 'वरिष्ठाची जबाबदारी' यापेक्षा वेगळी कशी?

इथे वरिष्ठानं काही केलेलंच नसतं, आणि काही न करणं हाच त्याचा गुन्हा असतो. प्रश्न ३ मधली सगळी माणसं काहीतरी करतात: आदेश देतात, पैसे पुरवतात, माणसं जमवतात. वरिष्ठाच्या जबाबदारीचा नियम आहे तो मूग गिळून बसलेल्यासाठी.

त्यासाठी तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. गुन्हा करणारी माणसं खरोखर त्याच्या ताब्यात होती. ती गुन्हा करत आहेत, करणार आहेत किंवा करून बसली आहेत, हे त्याला माहीत होतं किंवा माहीत व्हायला हवं होतं. आणि त्याच्या हातात जे शक्य होतं ते त्यानं गुन्हा रोखण्यासाठी किंवा गुन्हेगारांना शिक्षा होण्यासाठी केलं नाही. तिन्हींपैकी एक जरी निसटली तरी आरोप टिकत नाही.

यामागचं कारण साधं आहे. हाती बंदूक असलेल्या वीस वर्षांच्या मुलाला बलात्कारापासून आणि लुटीपासून रोखणारी युद्धभूमीवरची एकमेव व्यवस्था म्हणजे त्याचा अधिकारी. न्यायालय असतं मैलोगणती दूर, पोलीस पळालेले असतात. तो अधिकारीच कानावर हात ठेवून बसला तर गावातल्या माणसाला वालीच उरत नाही. १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त जिनिव्हा प्रोटोकॉलच्या कलम ८६ आणि ८७ मध्ये हे कर्तव्य लेखी आलं. रोमच्या करारात ते कलम २८ मध्ये आहे.

५. म्हणजे हाताखालच्यानं काहीही केलं की वरिष्ठ आपोआप दोषी?

आजच्या कायद्यात नाही. पण एकदा जवळजवळ तसंच घडलं होतं, आणि ती गोष्ट नीट सांगायलाच हवी.

जपानी जनरल तोमोयुकी यामाशिता ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपाइन्सचे सेनापती म्हणून आले. काही दिवसांतच अमेरिकन फौजा लेयते बेटावर उतरल्या. यामाशितांनी मनिला शहर न लढवता डोंगरात माघार घेण्याचं ठरवलं. शहरात मुख्यतः नौदलाची तुकडी राहिली, आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलात जे झालं ते वाचवत नाही. रुग्णालयांत, चर्चमध्ये, घराघरांत कत्तली झाल्या. त्या महिन्याभरात मेलेल्या नागरिकांचा आकडा साधारण एक लाख सांगितला जातो.

यामाशितांवरचा खटला मनिलातच, पाच अमेरिकन जनरलांच्या लष्करी आयोगापुढे चालला. त्या पाचांत एकही वकील नव्हता. यामाशितांनी कत्तलीचे आदेश दिले असा आरोपपत्राचा रोख नव्हता. हाताखालच्यांना काबूत ठेवण्याचं कर्तव्य त्यांनी पाळलं नाही, असा आरोप होता. बचाव असा की, अमेरिकन हल्ल्यांनी संपर्कयंत्रणा मोडून पडली होती, मनिलात काय चाललंय हे त्यांना कळतच नव्हतं. आयोगानं ७ डिसेंबर १९४५ रोजी, पर्ल हार्बरच्या हल्ल्याला बरोबर चार वर्षं होताना, फाशी सुनावली. ४ फेब्रुवारी १९४६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध दोन मतांनी हस्तक्षेप नाकारला. विरोधी मत देणारे होते न्यायमूर्ती मर्फी आणि रटलेज. मर्फींच्या म्हणण्याचा आशय असा होता की, आपणच त्यांची संपर्कयंत्रणा उद्ध्वस्त केली आणि आता आपणच त्यांना ताबा ठेवला नाही म्हणून दोषी धरतो आहोत. २३ फेब्रुवारीला फाशी झाली.

मनिलातल्या मृतांना न्याय मिळायलाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो निकाल माहितीचा मुद्दा मोकळा सोडून देतो आणि पदावरच शिक्षा ठोकतो, असं मला वाटतं. नंतरच्या ऐंशी वर्षांत या कायद्यात झालेलं बहुतेक काम म्हणजे ती मोकळी जागा भरून काढणं आहे.

६. 'ताबा' म्हणजे काय? खांद्यावरचे तारे मोजायचे का?

तारे पुरत नाहीत, आणि कधी कधी लागतही नाहीत. कसोटी एकच: गुन्हा रोखण्याची किंवा गुन्हेगाराला शिक्षा करण्याची खरी ताकद त्याच्याकडे होती का?

बॉस्नियात कोन्यित्सजवळच्या चेलेबिची छावणीत १९९२ मध्ये सर्ब कैद्यांना डांबलं होतं. तिथे मारहाण, बलात्कार, खून झाले. झ्द्राव्को मुचिच यांच्या नेमणुकीचा कागद वादात होता, पण छावणी प्रत्यक्षात तेच चालवत. पहारेकरी त्यांचं ऐकत, कैद्याला सोडायचं की ठेवायचं हे ते ठरवत. १६ नोव्हेंबर १९९८ रोजी न्यायाधिकरणानं त्यांना वरिष्ठ म्हणून दोषी ठरवलं. याच खटल्यात झेइनिल देलालिच निर्दोष सुटले. त्या भागात त्यांचा दबदबा होता, समन्वयाचं कामही होतं, पण छावणीतल्या पहारेकऱ्यांवर हुकमत नव्हती.

आपल्याकडच्या अनुभवातून हे चटकन कळेल. गावात सरपंचाची सही चालते, पण शब्द चालतो तो दुसऱ्याच कुणाचा. न्यायालय कागद बघतं, पण तिथेच थांबत नाही. शब्द कुणाचा चालतो, कोण कुणाला काढू शकतो, कोण कुणाला शिक्षा करू शकतो, हेही तपासतं.

७. 'मला काही माहीतच नव्हतं' असं सांगून सुटता येतं का?

कधी कधी येतं. त्यामुळेच सर्वांत जास्त वाद या मुद्द्यावर होतात.

१६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधल्या माय लाय इथे अमेरिकन सैनिकांनी शेकडो गावकरी मारले. व्हिएतनामी गणना ५०४ ची आहे. कंपनीचे कमांडर कॅप्टन अर्नेस्ट मेदिना त्याच परिसरात होते. त्यांच्या कोर्ट मार्शलमध्ये ज्युरीला सांगण्यात आलं की, कत्तल चालू आहे हे त्यांना प्रत्यक्ष माहीत होतं असं सिद्ध झालं तरच त्यांना दोषी धरा. १९७१ मध्ये ते निर्दोष सुटले. ज्या सैन्यानं डोंगरात अडकलेल्या यामाशितांना 'माहीत असायला हवं होतं' अशा मापानं मोजलं, त्याच सैन्यानं पाव शतकानंतर घटनास्थळाजवळच्या आपल्या कॅप्टनसाठी वेगळं माप काढलं. मला हे खटकतं, आणि खटकायलाच हवं.

आज मापं तीन आहेत. युगोस्लाव्हियाच्या न्यायाधिकरणात: वरिष्ठाच्या हाती अशी माहिती होती का, की जी वाचून कुठल्याही जबाबदार माणसानं चौकशी केली असती? माहिती हुडकत फिरण्याचं बंधन नव्हतं, पण समोर आलेल्या अहवालाकडे डोळेझाक करण्याची मुभाही नव्हती. फौजदारी न्यायालयात लष्करी कमांडरसाठी माप अधिक कडक आहे, त्या परिस्थितीत त्याला माहीत असायलाच हवं होतं, एवढं पुरतं. बिगरलष्करी वरिष्ठासाठी ते सैल आहे, गुन्ह्याकडे स्पष्ट बोट दाखवणारी माहिती त्यानं जाणूनबुजून दुर्लक्षिली असं दाखवावं लागतं.

पुरावा सहसा एका कागदात सापडत नाही. रोजचे अहवाल, वायरलेसच्या नोंदी, रेडिओवरच्या बातम्या, रेड क्रॉसच्या तक्रारी, गुन्ह्यांची संख्या आणि त्यांची सारखी पद्धत, हे सगळं एकत्र ठेवून अनुमान काढलं जातं.

८. वरिष्ठानं किती केलं म्हणजे 'पुरेसं' केलं?

याचं ठाम उत्तर देणारा निकाल अजून आलेला नाही. दोन टोकं सांगतो.

चीनमधल्या नानजिंग शहरातल्या कत्तलीच्या वेळचे जपानी सेनापती इवाने मात्सुई यांनी शिस्तीनं वागण्याचे आदेश काढले होते. महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर खटला चालवणाऱ्या टोकियोच्या न्यायाधिकरणानं ते वाचले, आणि म्हटलं की त्यांचा काडीचा परिणाम होत नव्हता व मात्सुईंना ते कळत असलंच पाहिजे. नुसता आदेश काढून फाइल बंद करणं पुरलं नाही. त्यांना फाशी झाली.

दुसरं टोक जाँ-पिएर बेंबा यांचं. काँगोतल्या या बंडखोर नेत्यानं २००२ च्या ऑक्टोबरात सुमारे दीड हजार सैनिक शेजारच्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात तिथल्या अध्यक्षांच्या मदतीला पाठवले. त्या सैनिकांनी गावंच्या गावं लुटली, माणसं मारली, घरच्यांसमोर बलात्कार केले. पाच हजारांहून अधिक पीडितांनी खटल्यात भाग घेतला. मार्च २०१६ मध्ये फौजदारी न्यायालयानं बेंबांना दोषी ठरवलं, वरिष्ठाच्या जबाबदारीखाली दोषी ठरलेले ते पहिलेच, आणि जूनमध्ये त्यांना १८ वर्षांची शिक्षा दिली. ८ जून २०१८ रोजी अपिलात ते तीन विरुद्ध दोन मतांनी निर्दोष सुटले, तोवर दहा वर्षं कोठडीत काढून.

बहुमतातल्या न्यायाधीशांची कारणं अशी: काही घटना मूळ आरोपांच्या चौकटीबाहेरच्या होत्या. बेंबांनी चौकशी समिती नेमली होती, काही सैनिकांवर खटले चालवले होते, संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीला पत्र लिहिलं होतं. परक्या देशात दूरवर असलेल्या फौजेबाबत काय करता येतं याच्या मर्यादा खालच्या न्यायालयानं नीट पाहिल्या नाहीत. प्रतिमा जपण्यासाठी पावलं उचलली, एवढ्यावरून ती पावलं निरर्थक ठरत नाहीत.

शेवटचा मुद्दा मला पटतो. हेतू कसाही असो, पाऊल खरं असेल तर ते मोजलंच पाहिजे. पण लूटमारीच्या किरकोळ आरोपांवर चाललेले मोजके खटले शेकडो बलात्कारांपुढे 'वाजवी उपाय' कसे ठरतात, हे मला आजही समजलेलं नाही. अल्पमतातल्या दोन न्यायाधीशांनी शिक्षा कायम ठेवली असती.

९. 'वरून आदेश होता' हा बचाव चालतो का?

न्यूरेंबर्गच्या सनदेनं तो सरळ बाद केला. आदेशामुळे शिक्षा फार तर कमी होईल, दोष जाणार नाही, असं तिचं कलम ८ सांगतं. माय लायमधले लेफ्टनंट विल्यम कॅली यांनीही वरच्या आदेशाकडेच बोट दाखवलं होतं. १९७१ मध्ये २२ जणांच्या खुनासाठी ते दोषी ठरले.

रोमच्या कराराचं कलम ३३ थोडी फट ठेवतं. आदेश पाळणं कायद्यानं बंधनकारक होतं, तो बेकायदेशीर आहे हे माहीत नव्हतं आणि तो उघडउघड बेकायदेशीरही नव्हता, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच सुटका. वंशसंहाराचा किंवा मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा आदेश नेहमीच उघडउघड बेकायदेशीर मानला जातो. त्यामुळे ही फट उरते ती युद्धगुन्ह्यांपुरती, म्हणजे समोरचं लक्ष्य लष्करी आहे असं खरोखर वाटावं अशा प्रसंगांपुरती.

१०. आणि नकार दिला असता तर त्यालाच गोळी घातली असती, अशी वेळ असेल तर?

आदेश वेगळा आणि जिवाची धमकी वेगळी, म्हणून हा प्रश्न ९ पासून सुटा ठेवला आहे.

१६ जुलै १९९५. स्रेब्रेनित्साहून आणलेल्या पुरुषांना आणि मुलांना बसमधून ब्रान्येवोच्या शेतावर उतरवलं जात होतं. द्राझेन एर्देमोविच हा तिथल्या गोळ्या झाडणाऱ्या पथकातला विशीतला सैनिक. त्यानं नकार दिला तेव्हा त्याला सांगण्यात आलं, एवढी दया येत असेल तर तूही त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहा. त्याला बायको होती, तान्हं मूल होतं. त्यानं गोळ्या झाडल्या. आपल्या हातून सत्तरएक माणसं मेली असावीत, असं त्यानं स्वतःहून सांगितलं. त्या शेतावर काय घडलं हे जगाला कळलं त्यात त्याच्या जबानीचा मोठा वाटा आहे.

ऑक्टोबर १९९७ मध्ये युगोस्लाव्हियाच्या न्यायाधिकरणातल्या अपील न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की, निरपराध माणसांना मारण्याच्या गुन्ह्यात जिवाची धमकी हा पूर्ण बचाव होऊ शकत नाही, ती शिक्षा ठरवताना धरली जाईल. शेवटी त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. न्यायाधीश कासेझे यांचं विरोधी मत असं: तो मेला असता तरी ती माणसं वाचणारच नव्हती, मग कायद्यानं त्याच्याकडून हुतात्म्याचं धैर्य मागावं का?

पुढे रोमच्या करारानं कासेझेंच्या बाजूला झुकणारी तरतूद केली. कलम ३१ नुसार अशी धमकी बचाव होऊ शकते, मात्र टाळायच्या हानीपेक्षा मोठी हानी करण्याचा हेतू नसावा.

११. हे सगळं लष्करापुरतंच आहे का? मंत्री, कारखान्याचा मॅनेजर, रेडिओचा मालक?

तिघांवरही खटले झाले आहेत. जपानचे परराष्ट्रमंत्री कोकी हिरोता यांना नानजिंगचे अहवाल मिळत होते. त्यांनी मंत्रिमंडळात ते थांबवण्याचा आग्रह धरला नाही, म्हणून ते दोषी ठरले आणि फासावर गेले. डच न्यायाधीश रोलिंग यांच्या मते ते निर्दोष होते, आणि आजच्या ताब्याच्या कसोटीवर (प्रश्न ६) तो निकाल टिकणं अवघड आहे.

रवांडातल्या गिसोवू चहा कारखान्याचे संचालक आल्फ्रेड मुसेमा यांच्याबाबत न्यायाधीशांनी बारीक विचार केला. कारखान्याच्या कामगारांना ते कामावरून काढू शकत होते, कारखान्याची वाहनं त्यांच्या हाती होती. म्हणून त्या कामगारांपुरते ते वरिष्ठ ठरले. आसपासच्या इतर लोकांवर त्यांची हुकमत सिद्ध झाली नाही. त्याच देशातल्या 'आरटीएलएम' रेडिओचे एक संस्थापक फर्दिनां नाहिमाना यांना २००७ च्या अपिलात रेडिओच्या कर्मचाऱ्यांचे वरिष्ठ म्हणून दोषी धरलं गेलं. वंशसंहाराचे बळी ठरलेल्या तुत्सी समाजाला मारण्याची हाक देणारं प्रक्षेपण त्यांनी थांबवलं नाही.

१२. पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाला अटक होऊ शकते का?

फौजदारी न्यायालयापुढे पदाची ढाल चालत नाही, कलम २७ स्पष्ट आहे. सुदानचे ओमर अल-बशीर (२००९), रशियाचे व्लादिमिर पुतिन (मार्च २०२३), इस्रायलचे पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू (नोव्हेंबर २०२४) यांच्यावर पदावर असतानाच वॉरंट निघाली. पण न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये पुतिन मंगोलियाला गेले. तो देश सदस्य असूनही त्यांना कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या देशाच्या साध्या न्यायालयात चित्र वेगळं आहे. तिथे पदावरच्या परराष्ट्रमंत्र्याला संरक्षण मिळतं, असं आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १४ फेब्रुवारी २००२ रोजी काँगो विरुद्ध बेल्जियम प्रकरणात सांगितलं.

१३. हा सगळा जेत्यांचा न्याय नाही का? न्यायमूर्ती पाल यांनी सगळ्यांना निर्दोष ठरवलं होतं ना?

आक्षेपात तथ्य आहे. टोकियोच्या अकरा न्यायाधीशांपैकी कलकत्त्याचे राधाबिनोद पाल यांनी हजारांहून अधिक पानांचं विरोधी निकालपत्र लिहून सर्व आरोपींना निर्दोष ठरवलं. युद्ध छेडणं हा तेव्हा गुन्हा नव्हता आणि पाश्चात्त्यांच्या वसाहतींबद्दल व अणुबाँबबद्दल हे न्यायाधिकरण गप्प आहे, हे त्यांचे मुख्य मुद्दे.

मात्र पालांचं नाव घेऊन 'नानजिंग घडलंच नाही' म्हणणारे त्यांचं निकालपत्र उलटं वाचतात. अत्याचार झाले, हे पालांनी स्वच्छ मान्य केलं आहे. टोकियोत बसलेल्या या माणसांशी त्यांचा गुन्हेगारी धागा जुळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे त्यांचा आक्षेप थेट या पानाच्या विषयावर होता: पदावर होता एवढ्यावरून दोष लावता येत नाही.

१४. भारताचं काय? भारतीय माणसावर खटला होऊ शकतो का?

रोमच्या करारावर मतदान झालं तेव्हा १२० देश बाजूनं, ७ विरोधात आणि २१ तटस्थ होते. भारत तटस्थांत होता. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार आणि अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांच्या यादीत नसणं, हे भारताचे प्रमुख आक्षेप होते. करारावर भारतानं सही केलेली नाही. तरीही सदस्य देशाच्या भूमीवर गुन्हा घडला तर आरोपीचं नागरिकत्व आड येत नाही. म्यानमार सदस्य नाही, पण हाकललेले रोहिंग्या बांगलादेशात आले, आणि बांगलादेश सदस्य आहे. त्या आधारावर २०१९ मध्ये तपासाला परवानगी मिळाली.

देशात १९६० चा जिनिव्हा करार अधिनियम आहे, पण त्याखाली सरकारच्या तक्रारीशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही. वंशसंहारविरोधी करार भारतानं १९५९ मध्ये स्वीकारला; तरी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही वंशसंहार किंवा मानवतेविरुद्धचा गुन्हा असं कलम नाही. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातल्या सज्जन कुमार प्रकरणी १७ डिसेंबर २०१८ रोजी निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयानं ही उणीव नाव घेऊन दाखवली आणि ती लवकर भरून काढायला सांगितलं. नवी संहिता लिहिताना ती संधी हातात होती. ती गेली, याचं मला वाईट वाटतं.

१५. एखाद्यानं आदेशही दिला आणि नंतर शिक्षाही केली नाही, तर दोन्हींखाली दोषी?

त्याच कृत्यासाठी दोन्ही शिक्के लागत नाहीत. बॉस्नियातले क्रोएट जनरल ब्लाश्किच यांच्या खटल्याच्या २००४ च्या अपिलात हे पक्कं झालं: थेट जबाबदारी सिद्ध होत असेल तर दोष त्याखाली लावायचा, आणि वरिष्ठाचं पद शिक्षा वाढवण्याचं कारण म्हणून धरायचं. (याच अपिलात पुरावा न टिकल्यानं ब्लाश्किच यांची ४५ वर्षांची शिक्षा ९ वर्षांवर आली.)

१६. गुन्हा आधीच्या अधिकाऱ्याच्या काळात घडला आणि मी नंतर चार्ज घेतला. गुन्हेगारांना शिक्षा केली नाही तर मी अडकेन का?

युगोस्लाव्हियाच्या न्यायाधिकरणाचं उत्तर: नाही. बॉस्नियाच्या सैन्यातले अधिकारी हाजिहासानोविच आणि कुबुरा यांच्या प्रकरणी १६ जुलै २००३ रोजी अपील न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की, गुन्ह्याच्या वेळी जो कमांडर नव्हता त्याला जबाबदार धरता येत नाही. गुन्हे जानेवारी १९९३ मधले होते, कुबुरा यांनी ब्रिगेडची सूत्रं एप्रिलमध्ये घेतली होती.

अल्पमतातल्या न्यायाधीशांची भीती अगदी व्यवहारी होती. कत्तल झाली की अधिकाऱ्याची बदली करून टाकायची. जुना म्हणेल माझ्या हातात आता काही नाही, नवा म्हणेल तेव्हा मी नव्हतो. बदलीचं हे शास्त्र आपल्याला परकं नाही, आणि मला अल्पमतच बरोबर वाटतं.

१७. बालसैनिक म्हणून पळवून नेलेला मुलगा पुढे कमांडर झाला, तर तो गुन्हेगार की बळी?

डॉमिनिक ऑंग्वेनबद्दल हा प्रश्न सतत येतो. उत्तर युगांडात शाळेत जाता-येताना 'लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी' या बंडखोर फौजेनं त्याला पळवलं तेव्हा तो नऊएक वर्षांचा होता. पुढे तो त्याच फौजेत ब्रिगेड कमांडर झाला.

अठरा वर्षांखालच्या वयात केलेल्या कृत्यांवर फौजदारी न्यायालयाचा अधिकारच चालत नाही. त्यामुळे त्याच्यावरचे आरोप मोठेपणीचे, २००२ ते २००५ मधले होते: विस्थापितांच्या छावण्यांवर हल्ले, मुलींना जबरदस्तीनं 'बायका' म्हणून वाटणं, मुलांना सैन्यात ओढणं. म्हणजे जे त्याच्यावर झालं होतं, तेच. बचावानं मानसिक आजार आणि जिवाची धमकी (प्रश्न १०) असे दोन्ही मुद्दे मांडले. न्यायाधीशांना ते पटले नाहीत. वरच्या पदावर गेल्यानंतर त्याला पळून जाण्याच्या संधी होत्या आणि त्याचा शब्द चालत होता, असं पुराव्यातून दिसलं.

४ फेब्रुवारी २०२१ रोजी तो ६१ आरोपांवर दोषी ठरला. जन्मठेप देता आली असती. पळवून नेलेल्या त्या मुलाचं बालपण लक्षात घेऊन बहुमतानं २५ वर्षांची शिक्षा दिली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये अपिलातही ती कायम राहिली.